पाळतीचे कायदे आणि खासगीपणाचा व्यवसाय

खासगीपणा विकणाऱ्या कंपनीच्या दारात सरकार तीन प्रकारच्या मागण्या घेऊन येते. तुमच्याकडे जी माहिती आहे ती द्या, ही पहिली. जी माहिती तुम्ही ठेवत नाही ती यापुढे ठेवा, ही दुसरी. आणि तुमची सेवाच अशी बांधा की आम्हाला हवे तेव्हा आत पाहता येईल, ही तिसरी. पहिली मागणी टपाल-तारेच्या काळापासून चालत आली आहे. भारतात १८८५च्या तार कायद्याच्या कलम ५(२)चा तिला आधार होता. उरलेल्या दोन गेल्या तीसेक वर्षांतल्या. कंपन्यांनी या मागण्यांना काय उत्तर दिले हे बहुधा शौर्याच्या किंवा शरणागतीच्या गोष्टी म्हणून सांगितले जाते. तपशिलात गेल्यावर मात्र बऱ्याच प्रकरणांचा निकाल आदेश येण्याच्या कितीतरी आधी लागलेला दिसतो. कंपनीच्या यंत्रांवर काय साठले आहे आणि ती यंत्रे, कार्यालय व माणसे कोणत्या देशाच्या हद्दीत आहेत, यावर तो ठरतो.

कॅनडातील हशमेल हे याचे लवकरचे उदाहरण. ग्राहकांची पत्रे आपल्यालाही वाचता येत नाहीत, असे सांगणारी ही ईमेल सेवा. २००७मध्ये उघड झाले की, स्टेरॉइडच्या बेकायदा व्यापाराच्या तपासात कॅनडातील न्यायालयाच्या आदेशावरून तिने १२ सीडी भरतील इतकी उलगडलेली ईमेल दिली होती आणि ती अमेरिकी यंत्रणेपर्यंत पोहोचली होती. कंपनी खोटे बोलत होती असे नाही. मूळ रचनेत कूटलेखनाचे, म्हणजे एन्क्रिप्शनचे, सगळे काम ग्राहकाच्या संगणकावर होत असे. पण त्यासाठी लागणारी खटपट लोकांना नको होती, म्हणून एक सोपी आवृत्ती आणली गेली. तिच्यात ग्राहकाचा परवलीचा शब्द क्षणभर कंपनीच्या सर्व्हरवरून जाई. न्यायालयाच्या आदेशाला तेवढा क्षण पुरला.

लॅव्हाबिटचे प्रकरण याहून गाजले. लादार लेव्हिसन यांनी २००४मध्ये सुरू केलेल्या या अमेरिकी ईमेल सेवेचे सुमारे ४ लाख १० हजार वापरकर्ते होते, आणि अमेरिकी पाळतीची गुपिते उघड करणारे एडवर्ड स्नोडेन हे त्यांपैकी एक. जून २०१३मध्ये एका खात्यावर नजर ठेवण्याचा आदेश आला. पुढे मागणी वाढली आणि सगळ्या सेवेची संरक्षक किल्लीच तपास यंत्रणेने मागितली. ती दिली असती तर एकाबरोबर सगळ्यांचीच वाहतूक वाचता आली असती. लेव्हिसन यांनी न्यायालयाचा आदेश अक्षरशः पाळला. त्यांनी ती किल्ली ११ पानांवर, ४ पॉइंट इतक्या बारीक अक्षरात छापून दिली. औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीची अक्षरेही याहून मोठी असतात. हजारो अक्षरांची ही रांग कोणीतरी चूक न करता पुन्हा टंकित करावी अशी ती सोय होती. न्यायाधीशांना हा विनोद रुचला नाही. किल्ली संगणकीय स्वरूपात मिळेपर्यंत रोज ५ हजार डॉलर दंड, असे त्यांनी ठरवले. किल्ली गेली, पण तिच्याबरोबर ८ ऑगस्ट २०१३ला सेवाही बंद झाली. दुसऱ्याच दिवशी सायलेंट सर्कल या कंपनीने, कोणताही आदेश आलेला नसताना, आपली ईमेल सेवा बंद करून टाकली. लॅव्हाबिटचे अपील २०१४मध्ये फेटाळले गेले. कारण खटल्याच्या मुळाशी जाणारे नव्हते: आक्षेप खालच्या न्यायालयात वेळेवर व नीट मांडले नव्हते, एवढेच. त्यामुळे एका माणसासाठी सगळ्यांची किल्ली मागता येते का, हा प्रश्न त्या खटल्यात सुटलाच नाही.

यानंतरच्या पिढीने धडा घेतला तो रचनेचा. २०१६मध्ये सिग्नल या संदेशसेवेला व्हर्जिनियातील फेडरल न्यायालयाकडून दोन दूरध्वनी क्रमांकांबद्दल समन्स आले. नाव, पत्ता, संपर्कयादी, आयपी पत्ता अशी नेहमीची लांबलचक मागणी होती. त्यांतल्या एका क्रमांकाचे खातेच नव्हते. दुसऱ्याबद्दल सिग्नलने दोनच गोष्टी दिल्या: खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कधी जोडले गेले. बाकीचे रकाने रिकामे राहिले, कारण ती माहिती सिग्नलकडे नव्हतीच. आदेशाचे पूर्ण पालन झाले आणि हाती मात्र जवळजवळ काही आले नाही.

स्वीडनमधील गोथेनबर्गची मुल्वाड ही व्हीपीएन, म्हणजे ग्राहकाची वाहतूक आपल्या सर्व्हरमार्फत नेऊन त्याचा पत्ता झाकणारी, कंपनी याच वाटेवर आणखी पुढे गेली. तिच्याकडे खाते उघडताना नाव किंवा ईमेल विचारत नाहीत. आकड्यांचा एक क्रमांक मिळतो, तेच खाते. महिन्याचे ५ युरो पाकिटात रोख घालून टपालाने पाठवता येतात. जून २०२२मध्ये तिने दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची सोय नव्या ग्राहकांसाठी बंद केली, कारण त्यासाठी पैसे भरणाऱ्याची माहिती जपून ठेवावी लागते. बुडणारे उत्पन्न दिसत असूनही असा निर्णय घेणारी कंपनी विरळाच. १८ एप्रिल २०२३ला पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या कार्यालयात आले. त्यांना ग्राहकांची माहिती असलेले संगणक न्यायचे होते. अशी माहिती येथे साठवलीच जात नाही, तेव्हा जप्तीला कायद्याचा आधार उरत नाही, असे कंपनीने समजावले. पोलीस काहीही न घेता परतले.

ही पद्धत ईमेलला मात्र तितकीशी लागू पडत नाही. ईमेलला कायमचा पत्ता लागतो, पेटी लागते, आणि बाहेरच्या जगाकडून येणारे पत्र उघडेच येते. जिनिव्हाच्या प्रोटॉन मेलला २०२१मध्ये हे भोवले. पॅरिसमधील हवामान आंदोलकांच्या एका खात्याबद्दल फ्रेंच पोलिसांनी युरोपोलमार्फत स्वित्झर्लंडकडे विनंती केली, तिचे रूपांतर स्विस आदेशात झाले आणि प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर दिला नाही, कारण तो तिला वाचता येत नव्हता. तरी आंदोलक सापडायला आयपी पत्ता पुरेसा होता. त्याआधी मुख्य पानावर, आपण आयपीच्या नोंदी ठेवत नाही, असे ठळकपणे सांगणाऱ्या प्रोटॉनने ते वाक्य बदलले. मूळ वाक्यात ‘सर्वसाधारणपणे’ असा एक शब्द होता. त्या शब्दात काय सामावले आहे हे ग्राहकांना त्या दिवशी कळले. जर्मनीतील टुटानोटा (आताचे नाव टुटा) हिलाही न्यायालयाच्या आदेशामुळे एका खात्यात यापुढे येणारी साधी पत्रे तपासासाठी उपलब्ध करून द्यावी लागली होती. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येणारे कुलूप, मजकूर झाकते. कोण, कोठून, केव्हा आणि कोणाशी, हे ते आपोआप झाकत नाही.

कमी साठवणाऱ्या कंपन्यांवर सरकारांचा स्वाभाविक उपाय म्हणजे साठवायला लावणे. युरोपीय संघाने २००६च्या निर्देशाने दूरसंचार कंपन्यांना सहा महिने ते दोन वर्षे नोंदी जपायला लावल्या. युरोपीय न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ला तो निर्देश रद्द ठरवला. रशियात नोंदी साठवायला लावणाऱ्या २०१६च्या यारोवाया कायद्यानंतर प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या व्हीपीएन कंपनीचे सर्व्हर जप्त झाले आणि तिने तो देश सोडला. २०१९मध्ये रशियन नियामकाने दहा व्हीपीएन सेवांना बंदी घातलेल्या संकेतस्थळांच्या सरकारी यादीशी जोडून घेण्यास सांगितले, तेव्हा त्यांतली एक, रशियातलीच कॅस्परस्की, तेवढी तयार झाली.

भारतातील प्रकरण २८ एप्रिल २०२२चे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब(६)खाली सर्ट-इन या संस्थेने काढलेले निर्देश मुख्यतः सायबर हल्ल्यांची माहिती सहा तासांत कळवण्याबद्दल होते. त्यांतच व्हीपीएन आणि क्लाउड सेवांसाठी एक कलम होते: ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दूरध्वनी, त्याला दिलेले आयपी पत्ते, नोंदणीची वेळ आणि सेवा घेण्याचा हेतू, हे सगळे ग्राहक सोडून गेल्यानंतरही किमान पाच वर्षे जपायचे. शिवाय यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला नंतरच्या खुलाशात यातून सूट मिळाली. सामान्य ग्राहकाला व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी मात्र ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्यच विक्रीचा माल होते. ज्यांना नियम पाळायचे नाहीत त्यांना देश सोडण्याची मुभा आहे, असे तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सांगितले. जूनमध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन, पाठोपाठ सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन, आणि अंमलबजावणीची तारीख २५ सप्टेंबरपर्यंत पुढे गेल्यावर प्रोटॉन, असे एकेकाने भारतातील सर्व्हर काढून घेतले.

सर्व्हर गेले, ग्राहक मात्र राहिले. एक्स्प्रेसव्हीपीएनच्या यादीत ‘भारत’ हे नाव पुढेही दिसत राहिले. त्यावर बोट ठेवले की भारतीय आयपी पत्ता मिळे, फक्त तो देणारे यंत्र सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असे. मुंबईत बसून ‘भारत’ निवडणाऱ्याची वाहतूक आधी समुद्रापार जाई आणि तेथून भारतीय पत्त्याने परत येई. निर्देश भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, अशी सरकारची भूमिका होती, पण देशात ना यंत्र, ना कार्यालय, ना माणूस. मग बजावणी कोणावर करायची? उलट येथेच राहून व्यवसाय करणाऱ्या लहान कंपन्यांना हा पर्याय नव्हता. त्यांच्यापैकी एसएनटीहोस्टिंग्जने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. बाहेर पडणे ही खरे तर बड्या आणि परक्या कंपन्यांनाच परवडणारी निषेधाची तऱ्हा आहे.

तिसऱ्या मागणीचा, म्हणजे रचनाच बदलण्याचा, भारतातील पहिला मोठा प्रसंग ब्लॅकबेरीचा. ऑगस्ट २०१०मध्ये सरकारने कॅनडाच्या या कंपनीला महिनाअखेरची मुदत दिली: संदेश वाचण्याची सोय करा, नाहीतर सेवा बंद. बरीच वाटाघाट झाली, आणि २०११मध्ये कंपनीने मुंबईत एक लहानसे केंद्र उभारून ग्राहकांच्या मेसेंजरसंबंधी कायदेशीर विनंत्या हाताळायला सुरुवात केली. मोठ्या उद्योगांना विकलेल्या सर्व्हर-सेवेबाबत मात्र ती शेवटपर्यंत एकच सांगत राहिली, की किल्ल्या ग्राहक-कंपनीकडे असतात, आमच्याकडे नाहीत. तेव्हा कॉलेजच्या मुलांचे मेसेंजरवरचे संदेश सरकारच्या टप्प्यात आले आणि बँकांच्या साहेबांची ईमेल टप्प्याबाहेर राहिली.

२५ फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील ४(२) या उपनियमाने तोच प्रश्न व्हॉट्सॲपपुढे आला. ५० लाखांहून अधिक भारतीय वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेला, ठरावीक गंभीर गुन्ह्यांच्या तपासात, संदेशाचा ‘पहिला जनक’ शोधून देता आला पाहिजे. मजकूर आम्हाला नको, फक्त कोणापासून सुरुवात झाली ते हवे, असा सरकारचा युक्तिवाद. पण कोणता संदेश पुढे तपासाला येईल हे आधी कळत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाला माग जोडावा लागेल, हे कंपनीचे उत्तर. यावरचा तांत्रिक वाद त्याआधीच मद्रास उच्च न्यायालयात रंगला होता. मद्रास आयआयटीचे व्ही. कामकोटी यांनी प्रत्येक संदेशाबरोबर मूळ पाठवणाऱ्याची खूण पाठवता येईल असे सुचवले. पवईच्या मुंबई आयआयटीतील मनोज प्रभाकरन यांनी त्यातली फट दाखवली: फेरफार केलेले ॲप वापरणारा ती खूण खोटी घालू शकतो, आणि दुसरीकडून मजकूर उचलून चिकटवणारा भाबडा माणूस ‘जनक’ ठरतो. गावच्या गटात आलेली अफवा कॉपी करून भावकीच्या गटात टाकणारे आजोबा डोळ्यांसमोर आणले तर हा आक्षेप कळायला गणित लागत नाही. व्हॉट्सॲपने मे २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आधार होता तो पुट्टास्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला दिलेल्या निकालाचा, ज्याने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एप्रिल २०२४च्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी सांगितले, की एन्क्रिप्शन मोडायला लावले तर व्हॉट्सॲप भारतात राहणार नाही. ४० कोटींहून अधिक वापरकर्त्यांची बाजारपेठ सोडण्याची ही भाषा कितपत गांभीर्याने घ्यावी याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सिग्नलसारख्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने असे म्हणणे आणि जाहिरातींवर जगणाऱ्या मेटाच्या कंपनीने म्हणणे, यांत फरक आहेच.

ॲपलने २०१६मध्ये हीच मागणी धुडकावली होती. सॅन बर्नार्डिनोतील हल्लेखोराचा आयफोन उघडता यावा म्हणून खास सॉफ्टवेअर लिहून द्या, असा आदेश न्यायालयाने १७८९च्या कायद्याचा आधार घेऊन काढला. ॲपल लढली; निकालाआधीच एफबीआयने तिसऱ्याच कोणाकडून फोन उघडून घेतला आणि अर्ज मागे घेतला. तीच ॲपल चीनमध्ये वेगळी वागली. २०१७मध्ये तिने तेथील दुकानातून व्हीपीएन ॲप काढून टाकली, आणि २०१८मध्ये चिनी ग्राहकांचा आयक्लाउड गुइझोऊतील सरकारशी संबंधित कंपनीच्या हवाली केला. तिचे फोन चीनमध्ये बनतात आणि खपतात. तत्त्व दोन्हीकडे एकच असले तरी ते पाळण्याची किंमत दोन्हीकडे सारखी नव्हती.

ब्रिटनमध्ये मधला मार्ग दिसला. तेथील २०१६च्या तपासाधिकार कायद्याखाली गृहमंत्री कंपनीला तांत्रिक क्षमतेची, म्हणजे माहिती उघडून देण्याची सोय राखण्याची, नोटीस बजावू शकतात आणि तशी नोटीस आल्याचे सांगणेही कंपनीला मना आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये वृत्तपत्रांतून कळले, की ॲपलला अशी नोटीस गेली असून तिचा रोख ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’वर, म्हणजे आयक्लाउडचा साठाही फक्त ग्राहकालाच उघडता येईल अशा सोयीवर आहे. ॲपलने चोरदरवाजा केला नाही. २१ फेब्रुवारीला ही सोयच ब्रिटनमधून काढून घेतली. नव्या ग्राहकांना ती सुरू करता येईना, जुन्यांना ती बंद करावी लागेल असे सांगितले गेले. तत्त्व शाबूत राहिले आणि संरक्षण गेले ते ब्रिटिश ग्राहकांचे. नोटिशीविरुद्धचा खटला संपूर्ण गुप्त चालवावा ही सरकारची विनंती न्यायाधिकरणाने एप्रिलमध्ये फेटाळली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संचालक तुलसी गॅबार्ड यांनी ब्रिटनने माघार घेतल्याचे जाहीर केले, तरी शरद ऋतूत फक्त ब्रिटिश ग्राहकांपुरती नवी नोटीस निघाल्याच्या बातम्या आल्याच. यापूर्वी २०२३च्या ऑनलाइन सुरक्षा विधेयकावरून सिग्नलच्या मेरेडिथ व्हिटेकर यांनी ब्रिटन सोडण्याचा इशारा दिला होता. तेव्हा सरकारने खासगी संदेश तपासायला लावू शकणारे वादग्रस्त कलम कायम ठेवले आणि तंत्र शक्य होईपर्यंत ते वापरणार नाही, असे सभागृहात सांगितले.

सरकारसाठी ठेवलेले दार सरकारच वापरील, या गृहीतकाला तडे गेलेले आहेत. २००४-०५मध्ये ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधील कायदेशीर फोन-टॅपिंगची यंत्रणाच कोणीतरी ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. २०२४मध्ये सॉल्ट टायफून या चिनी हॅकर गटाने अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरून अशाच यंत्रणांपर्यंत मजल मारली. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरील लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरण्याचा सल्ला दिला. हीच ती कुलुपे, जी शिथिल करा म्हणून दुसरी सरकारी खाती कंपन्यांच्या मागे लागलेली असतात.

देश बदलण्याचा मार्गही दिसतो तितका पक्का नाही. स्वित्झर्लंडच्या न्यायालयांनी २०२१मध्ये थ्रीमा ही संदेशसेवा आणि प्रोटॉन या दोघांनाही दूरसंचार कंपन्यांसाठीच्या कडक नियमांतून बाहेर ठेवले होते. जानेवारी २०२५मध्ये त्याच देशाच्या सरकारने ५ हजारांहून अधिक वापरकर्त्यांच्या सेवांवर ग्राहकांची ओळख पटवण्याचे बंधन घालणारा मसुदा चर्चेला ठेवला. ज्या स्विस पत्त्यावर प्रोटॉनची ख्याती उभी होती, तेथूनच यंत्रणा जर्मनी आणि नॉर्वेकडे नेण्याची तयारी तिने सुरू केली. टेलिग्रामने रशियाला २०१८मध्ये किल्ल्या नाकारून बंदी ओढवून घेतली, ती २०२०मध्ये उठलीही. पण ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसजवळ तिचे संस्थापक पावेल दुरोव यांना अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने वैध आदेशावर आयपी पत्ते व दूरध्वनी क्रमांक देण्याचे धोरण स्वीकारले. सर्व्हर अनेक देशांत विखुरता येतात, संस्थापक एका वेळी एकाच देशात असतो. शिवाय टेलिग्रामचे नेहमीचे संवाद मुळात एंड-टू-एंड झाकलेले नाहीत, ही गोष्ट त्याच्या कीर्तीच्या गदारोळात विसरली जाते.

अलीकडचे कायदे मजकुराऐवजी ओळखीकडे वळत आहेत, आणि येथे एन्क्रिप्शनचा उपयोग नाही. सर्ट-इनचे निर्देश ओळखीचेच होते, स्विस मसुदाही. २८ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम आदी सेवांना ९० दिवसांची मुदत देऊन सांगितले, की खाते ज्या सिमवर उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे, आणि संगणकावरील सत्र दर सहा तासांनी बंद पडावे. एकही संदेश उघडायचा नाही, एकही किल्ली द्यायची नाही. सायबर फसवणूक रोखणे हा त्यामागचा सांगितलेला हेतू. सिग्नलने २०२४मध्ये युजरनेम आणून समोरच्यापासून क्रमांक लपवण्याची सोय केली होती, पण खाते उघडायला क्रमांक लागतोच, आणि भारतात क्रमांकामागे सिम, सिममागे ओळखपत्र असते. पाकिटातून ५ युरो घेणाऱ्या व्हीपीएनला जे जमते ते क्रमांकावर उभ्या असलेल्या संदेशसेवेला जमत नाही.